संत्र्याच्या खुंटाले बेल

नंदनवन, नागपूर
सोमवार, २८ जुलै २०२५

पहिले आली शोभाताई. सात वाजले असतील. माही वेणी अर्धी विंचरलेली, अर्धी हातात. फाटकातूनच म्हणते, "काहून वं जिजाबाई, घरी महादेव आले अन् आम्हाले सांगितलंबी नाही?" तिच्यामागं यमुताई, पूजेचं ताट घेऊन. अन् तिसरी कोण असंन सांग! रंभाबाई! थेट सक्करदऱ्याहून ऑटोनं. गुडघे दुखते म्हणून जे बाई भाचीच्या लग्नाले नाही आली, ते आपल्या अंगणात उभी.

नूपुर, तू म्हणशीन आजीनं पत्राचा मायनाच नाही लिहिला. घे, खूप मोठी हो. आता ऐक.

तू दापोलीच्या कॉलेजात जाताना दहा पाकिटं तिकिटं लावून, पत्ता लिहून देऊन गेली, तं म्हटलं एक कामी लावावं. फोनवर तुहा बाप स्पीकर लावून देते. मंग मी काय बोलू? चौथीपर्यंत शिकली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण वाचशीन तू.

तं फाटकाजवळचं आपलं संत्रं. तुह्या बारशाच्या साली आजोबांनी नर्सरीतून कलम आणून लावलेलं. चौदा वर्षं काय गोड संत्री दिली त्यानं. मी साली वाळवून कपाटात ठेवो, कसर लागत नसे. दोन उन्हाळ्यांआधी ते वरून वाळत गेलं अन् तुह्या बापानं, अनंतनं, गुडघ्याइतकं ठेवून कापलं. राहिलेला खुंट बी दसऱ्याच्या आधी खोदून काढाचा होता, कारण दसऱ्याले त्याची कार येऊन राहिली. फाटक एवढंसं, खुंट मधात.

अन् पाहते तं काय, मृगाचं पाणी पडलं अन् खुंटाच्या बुडातून हिरवी फूट! एकेका देठाले तीन तीन पानं, बाजूले लांब काटा. बेल! संत्र्याच्या खुंटाले बेल! मी अनंतले हात धरून नेलं. तो बिचारा पाहतच राहिला. म्हणे, "आई, बेल कोण तोडते? कार बाहेर ठेवू." तुही आई उत्तरा तिथंच हात जोडून उभी.

आज पहिला श्रावण सोमवार. बायांनी पानं नेली, चहा पेला, दहा वाजेपर्यंत हालल्या नाही. तुहे आजोबा गेल्यापासून आपल्या ओसरीत इतका आवाज नव्हता झाला बाई.

एक पान महादेवाले वाहून तुले पाठवून राहिली. पुस्तकात ठेव. परीक्षेले कामी येईन.

तुही आजी


दापोली
५ ऑगस्ट

आजी,

तुझं पत्र मिळालं. मी ते वर्गात वाचलं आणि रंभाबाईंच्या ओळीपाशी येऊन मोठ्यानं हसले, तर सरांनी उठवलं. पानही मिळालं. वाळलंय, पण तिन्ही दलं शाबूत आहेत.

मला जरा मदत कर. आमचा सध्या नेमका हाच धडा चालू आहे. लिंबू, संत्रं, मोसंबी, बेल, कवठ आणि आपला कढीपत्ता ही सगळी एकाच घराण्यातली झाडं आहेत. खरंच. पान उजेडासमोर धरलं की सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. पान चोळलं की त्या फुटतात आणि वास येतो.

तर तू एवढं बघ. झाडाचं ताजं पान उजेडात धर. चोळून हुंग. पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी बारीक पंखासारखी पट्टी आहे का, ते बघ. देवळातल्या बेलाचं पान शेजारी ठेवून बघ. आणि आजोबांनी कलम जिथं बांधलं होतं ती गाठ आठवते ना? फूट गाठीच्या वरून आली आहे की खालून?

बाबांना यातलं काही सांगू नकोस. माझा अभ्यास आहे, एवढंच.

इथं पाऊस सारखा आहे. कपडे वाळत नाहीत. तुझ्या हातचं लिंबाचं लोणचं संपत आलं.

नूपुर


नंदनवन
मंगळवार, १२ ऑगस्ट

नूपुर पोट्टी,

काय डोक्याले काम लावलं तू! काल तिसरा सोमवार. सातजणी होत्या. मी म्हटलं माह्या नातीची परीक्षा आहे, चला उजेडात. सगळ्या जणी रांगेत, तोंड वर, हातात पान धरून सूर्याकडं पाहून राहिल्या. बाजूचा ताराचंद दूध घेऊन जात होता, त्यानंबी मान वर केली. म्हणे, "काही विमान वगैरे पडून राहिलं का?"

ठिपके दिसले. मंग देवळातल्या बेलाचं पान धरलं, त्यातबी ठिपके. कढीपत्त्यात ठिपके. लिंबाच्या पानात ठिपके. आता मले सांग, सगळ्यातच ठिपके तं ओळखाचं कोणाले? यमुताई म्हणते ते महादेवाच्या अंगची राख. अन् कढीपत्ता बेलाचा भाऊ कसा वं? एक देवाच्या डोक्यावर अन् एक फोडणीत? आपण जेवताना त्याले ताटाच्या कडेले काढून ठेवतो! मी कालपासून चावून खाऊन राहिली. न जाणो.

पंख पाहिले. आहेत. बारीक आहेत, पण बोटाले लागते. देवळातल्या बेलाले नाहीत. रंभाबाई म्हणते घरी स्वतःहून आलेला बेल, त्याले पंख असणारच, उडून नाही आला का?

वास घेतला. बेलाचा नाही. पण ओळखीचा आहे वं, अगदी रोज घरात असल्यासारखा. कुठला ते आठवून नाही राहिलं. कालपासून भाजी चिरता चिरता उठते अन् जाऊन हुंगून येते. उत्तरा विचारते, "आई, बरं वाटत नाही का?"

फूट गाठीच्या खालून आहे. गाठीच्या वरचं सारं वाळून कोळसा झालं.

आता मुद्द्याचं. यमुताईनं ठरवलं, घटस्थापनेले इथं बारीकसा ओटा बांधाचा अन् पिंड ठेवाची. गवंडी तिच्या माहेरचा. माहं तं मन भरून आलं. पण तू एवढं काहून विचारून राहिली? पंखवाला बेल जास्त चांगला असते का कमी? लवकर कळव.

आजी


दापोली
२० ऑगस्ट

आजी,

हे पत्र एकटीनं वाच. आईला वाचायला देऊ नकोस.

तीन दिवस मी लिहावं की नाही याच विचारात होते. तू इतकी आनंदात आहेस. पण तिथं पिंड येणार, आणि उद्या दुसऱ्या कोणी सांगितलं तर ते तुला जास्त लागेल.

तो बेल नाही.

कलम म्हणजे दोन झाडं एकावर एक. मुळं आणि बुडखा एका झाडाचा, त्याला म्हणतात खुंट. त्याच्या सालीत चीर देऊन संत्र्याचा डोळा बसवतात. डोळा फुटतो, वाढतो, फळं संत्र्याची लागतात. खालचं झाड जन्मभर नुसतं पाणी ओढून वर देतं. वरचं संत्रं वाळलं, तेव्हा खालचं फुटलं. म्हणून फूट गाठीच्या खालून आली.

आपल्याकडे खुंट बहुतेक जंबेरीचा असतो. जंबेरीचं पान एकेकटं, लिंबासारखं. म्हणून मीही आधी गोंधळले. पण सरांना पान दाखवलं. ते म्हणाले, पूर्वी काही ठिकाणी परदेशी खुंट लावून बघत. ते संत्र्याच्याच नात्यातलं, पण तीन दलांचं, काटेरी आणि देठाला पंख असलेलं. नागपूरच्या उन्हात ती झाडं टिकत नाहीत, हे कसं टिकलं, असं सरच विचारत होते. फळ आलं तर लहान असेल, कडू-आंबट, बियांनी भरलेलं. खाण्याजोगं नाही.

आता माझं मलाच कळत नाहीये. खरं सांगितलं तर बाबा दसऱ्याआधी खुंट काढतील. नाही सांगितलं तर झाड वाचेल. तू म्हणशील तसं. मी बाबांना काही बोलणार नाही.

नूपुर


नंदनवन
शनिवार, ३० ऑगस्ट

नूपुर,

पत्र मिळून चार दिवस झाले. तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलं. उद्या महालक्ष्म्या बसते, उत्तरा डब्यात हात घालीन, म्हणून काढून उशीत घातलं.

मले काही समजून नाही राहिलं. चार सोमवार मी महादेवाले काय वाहिलं? त्याले समजलं असंन का? समजलं तं बोलला काहून नाही? बायांनी नवस बोलून पानं नेली. रंभाबाई म्हणते तिचे गुडघे थांबले. आता ते कशानं थांबले?

अन् आजोबांचा राग येऊन राहिला. वीस वर्षं मी पाणी घातलं ते कोणाले? खाली भलतंच झाड आहे हे मले सांगाले काय झालं होतं? नर्सरीत चाळीस वर्षं काढली, दिवसाले शंभर डोळे बांधत, मले वाटे कलम म्हणजे नुसती पट्टी बांधणं, जखमेवर बांधतो तशी. कधी विचारलंबी नाही मी.

सांगितलं तं झाड जाते अन् बायाबी जाते. नाही सांगितलं तं ओट्यावर पिंड बसते अन् मी रोज तिच्यासमोर खोटी. काल अनंतनं जाता जाता त्या फुटीले नमस्कार केला, डोळे मिटून. मले पाहवलं नाही.

आजोबांच्या नर्सरीतले गिरिधरभाऊजी आठवते का तुले, नरखेडकडले, पांढऱ्या मिशावाले? त्यायले कार्ड टाकलं. बांधताना ते जवळ होते. त्यायले तरी माहीत असंन.

तू जेवत जा. लोणचं पाठवते.

आजी


दापोली
८ सप्टेंबर

आजी,

लोणचं आलं. बरणी फुटली नाही, पण माझी सगळी वही लिंबाची झाली. आता वर्गात मुली माझ्या वहीजवळ येऊन बसतात.

तू माझ्यावर तर रागावली नाहीस ना? पत्र लहान होतं, म्हणून विचारते. कळवायला नको होतं असं मला रोज एकदा वाटतं.

एक विसरले होते. खुंट जिवंत असेल तर त्याच्यावर पुन्हा संत्र्याचा डोळा बांधता येतो. मला अजून नीट जमत नाही, माझे दहातले सात मरतात. पण ज्याचा हात बसला आहे त्याला जमेल. फक्त झाड तोवर उभं राहायला हवं.

देवाचं मला ठाऊक नाही. तू जे केलंस ते बेल समजून केलंस.

काय ठरवलंस ते कळव. दिवाळीला मी येतेच आहे.

नूपुर


नंदनवन
शुक्रवार, ३ ऑक्टोबर

नूपुर,

तुह्यावर कायले रागावू? बस आता निवांत, हे पत्र मोठं आहे. दोन तिकिटं जास्त लावली.

घटस्थापनेले यमुताई गवंडी घेऊन आली. गवंड्यानं मापाची फीत सोडली, अन् माह्या तोंडातून निघूनच गेलं. म्हटलं, "थांबा. हा बेल नाही. संत्र्याखालचा खुंट आहे." यमुताई म्हणे, "मंग चार सोमवार आम्ही काय संत्रं वाहिलं?" मी म्हटलं, "संत्रंबी नाही. त्याच्या नात्यातलं कोणीतरी." तिनं गवंड्याले फीत गुंडाळाले सांगितलं अन् गेली. चहा केलेला तसाच राहिला. त्या दिवसापासून फाटक वाजलं नाही.

अनंतले संध्याकाळी सांगितलं. तो रागावला नाही, तेच वाईट. नुसता म्हणे, "ठीक आहे. मंग काढून टाकू." अन् मंगळवारचा माणूस ठरवला.

मंगळवारी माणसानं सब्बल मारली, एका बाजूनं हातभर खोदलं. मुळी निघाली मनगटाएवढी. मी ओसरीत, डोळ्याले पदर. तेवढ्यात फाटकात कोण? गिरिधरभाऊजी! सकाळच्या एसटीनं आले, हातात माहं कार्ड. पाणी नाही मागितलं, काही नाही. सरळ खुंटापाशी उकिडवे बसले अन् माणसाले म्हणे, "अर्धा घंटा बिडी पेऊन ये गा."

मंग सांगितलं त्यायनं. ती तीन पानांची रोपं नर्सरीच्या साहेबानं बाहेरून मागवली होती. उन्हाळ्यात सारी मेली. एक राहिलं, तेबी वाकडं. साहेब म्हणे फेका. तुह्या आजोबांनी ते फेकलं नाही. त्याच्यावरच गोड संत्र्याचा डोळा बांधला अन् नातीच्या बारशाले घरी आणलं. भाऊजी म्हणे, "वर काय लावाचं ते साहेब ठरवे. पण खाली कोण टिकीन ते मारोतच ओळखे." तुह्या आजोबांले ते मारोत म्हणत.

मी म्हटलं, "मले तं कधी नाही सांगितलं!"

"सांगितलं वहिनी. तुम्ही ऐकलं नसंन."

अन् आठवलं मले. पाणी घालताना रोज म्हणत ते, "वरच्यापेक्षा खालचं दमदार हाय." मले वाटे तेव्हाच्या वर-खालच्या भाडेकरूंबद्दल बोलून राहिले! मी म्हणो, "हो ना, खालचे बिचारे पाणीपट्टीबी वेळेवर देते."

अनंत बाजूलेच उभा होता, घड्याळ पाहत. भाऊजींनी त्याच्याशी वाद नाही घातला. एक पान तोडलं, तळहातावर चोळलं अन् हात तसाच त्याच्या नाकाजवळ नेला. "पहाय बरं."

अनंतनं वास घेतला. मंग पुन्हा घेतला. मंग भाऊजींचा हात धरूनच ठेवला. म्हणे, "हा तं बाबाच्या बनियनचा वास हाय."

नूपुर, तेच होतं ते! दीड महिना हुंगून राहिली अन् मले आठवलं नाही, मी बाई चाळीस वर्षं ते बनियन धुतले! साबणानंबी जात नसे तो वास. संध्याकाळी कामावरून येत, खुंटीले अडकवत, अन् अख्खी खोली तशीच वास मारे.

माणूस बिडी पेऊन आला. अनंत त्याले म्हणे, "माती परत लोट." मंग स्वतः फीत आणली. भाऊजींनी हिशेब दाखवला, सगळी फूट ठेवाची नाही, जोरदार तेवढी एक ठेवाची, सरळ वाढवाची. कार जाते. पण एका बाजूचा आरसा दुमडावा लागते. अनंत म्हणे, "म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ मी उतरून आरसा दुमडू?" भाऊजी म्हणे, "तुहा बाप रोज शंभर डोळे बांधे. तुले एक आरसा होत नाही?"

काल दसरा. कार आली, पांढरी. मी कोणाची वाट पाहत नव्हती. खोटं कशाले बोलू, सकाळपासून फाटकाकडंच पाहून राहिली होती. सोनं द्याले कोणीतरी येईन म्हणून आपट्याची पानं ताटात काढून ठेवली. बारा वाजले, कोणी नाही. चाकाखाली ठेवाले लिंबं पाहिजे तं घरात एकबी नाही, सारी तुह्या लोणच्यात गेली.

पहिले आली शोभाताई. सोनं दिलं, पाया पडली, अन् ओसरीत बसून म्हणे, "बेल नाही तं नाही वं. बसाले जागा तं हाय ना? माह्या घरी तिन्ही टीव्ही चालू राहते." तिच्यामागं रंभाबाई, गुडघे धरून. म्हणते, खुंट म्हणून कळल्यापासून पुन्हा दुखून राहिले. सगळ्यात शेवटी यमुताई. तोंड फुगवलेलं, पदरात चार लिंबं. म्हणे, "कार पाहाले आली, बाकी काही नाही." चाकाखाली लिंबं तिनंच ठेवली, मापून. अनंतनं कार पुढं घेतली, चारी लिंबं फुटली, अन् सगळं अंगण वासानं भरलं. मंग यमुताई खुंटाजवळ गेली. एक पान तोडलं, उजेडात धरलं, हुंगलं. म्हणे, "ज्या महादेवाले धोतरा चालते, विष चालते, त्याले तुहं हे पान काय जड जाईन?" अन् पदरात बांधून घेतलं. मले काही विचारलं नाही.

मी तिले काय सांगू? मलेबी ठाऊक नाही. पुढच्या श्रावणात ते पान वाहाचं का नाही, माहं अजून ठरलं नाही. पिंडीपुढं बसली तं डोळ्यापुढं बनियन येते, आता काय करू?

अनंत आज ऑफिसले निघाला. कार बाहेर काढताना दोनदा उतरला, आरसा दुमडाले अन् परत उघडाले. मंग इकडं तिकडं पाहिलं, कोणी नाही म्हणून पान चोळलं अन् बोटं हुंगत गाडीत बसला. मी खिडकीतून पाहिलं. त्याले सांगू नको.

गिरिधरभाऊजी गोड संत्र्याचा डोळा घेऊन येतो म्हणाले. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी, पहिल्या एसटीनं. मी त्यायले सांगितलं, पट्टी तुम्ही धरा, डोळा माही नात बांधीन. तुहे दहातले तीन जगते ना, आपल्याले एकच पाहिजे. बायाबी म्हणल्या आम्ही येतो पाहाले, सातच्या सातजणी. तं शुक्रवार, चोवीस तारीख.

तुही आजी